आमची वाटचाल आणि मनीषनगरातलं ते चेंबर

भाऊजींनी आणि मी नागपुरात तुंबलेल्या ड्रेनेज लाईन साफ करायचा धंदा सुरू केला तेव्हा हाताशी बांबूच्या कामट्या, घमेलं आणि रबरी पंप एवढंच होतं. चेंबरातून, म्हणजे लाईनवरच्या झाकणाच्या खड्ड्यातून, कामटी सारताना पुढं काय आहे ते भाऊजींच्या मनगटाला कळायचं. मऊ लागलं तर तेलाचा थर, चिवट लागलं तर मुळं, खरखरलं तर फुटका पाईप. पुढं मोटारवर फिरणारी स्प्रिंग घेतली, मुळं कापायचं पातं आणि कपडा ओढायची आकडी घेतली. पण हात भाऊजींनीच शिकवला.

मधली वर्षं बरी गेली.

मनीषनगरच्या एका सोसायटीत पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या नहाण्यांमधून पाणी उलटं यायला लागलं. स्प्रिंग पस्तीस फुटांवर अडायची. मी सेक्रेटरींना स्पष्ट सांगितलं, "साहेब, लाईन खचली आहे. खोदावं लागेल." त्यांना ते महाग वाटलं. मग दुसऱ्या एकाला बोलावलं. त्यानं ॲसिड ओतलं, दोन दिवस पाणी गेलं, आणि तिसऱ्या दिवशी तुंबल्यावर सगळ्यांना सांगितलं की आधीच्यांच्या मशीननं पाईप फोडला. आमचे 14,000 रुपये अडकले. ही गोष्ट व्हॉट्सॲपवरून आजूबाजूला पसरली आणि वर्षाची दोन कंत्राटं गेली. मशीनचे तीन हप्ते थकले. भाऊजी बुटीबोरीला कंपनीत लागले. त्यांना दोष देत नाही, घरी दोन लेकरं होती.

हिवाळ्यात शेवटी खोदलंच. खोदणाऱ्या प्लंबरनं मला बोलावून तुकडा दाखवला. स्टोनवेअरच्या, म्हणजे भाजक्या मातीच्या पाईपच्या सांध्यात पिंपळाचं बोटाएवढं जाड मूळ शिरलं होतं. असं मूळ काय पंधरा दिवसांत वाढतं? आपल्या नागपूरची काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. खाली काँक्रीटचा थर न देता टाकलेला पाईप त्यात सांध्यातून निखळणारच. पण ज्यांनी मेसेज फिरवले, त्यातल्या एकानंही हे फिरवलं नाही.

त्या दिवसांत फोन यायचा तो त्रिमूर्तीनगरच्या काकूंचा. "लोकांचं सोड रे, तू ये." चेंबरचं झाकण उघडलं की स्वतः टॉर्च धरून उभ्या राहायच्या आणि काय निघालं ते विचारायच्या. शेजारच्या चार घरांची कामं त्यांनीच दिली. त्यावर आम्ही तरलो.

आता सांगतोच. सावजीची तर्री मोरीत ओतू नका, थंडीत ती पाईपमध्ये मेणासारखी गोठते. भांडं आधी रद्दीनं पुसा. ॲसिडनं मुळं जात नाहीत, जाळी आणि सांधे जातात. अंगणात फरशी बसवताना चेंबरचं झाकण बुजवू नका. चार इंची लाईनला चाळीस फुटांत एक फूट उतार मागा आणि मिस्त्रीसमोर मोजून घ्या. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका. 2013 च्या कायद्यानं त्याला बंदी आहे आणि आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. असं काम आलं तर मी सरळ नाही म्हणतो, टँक उपसणाऱ्या गाडीवाल्याला बोलवायला सांगतो.

त्या सोसायटीत नवीन कमिटी आली. मागच्या पावसाळ्यात त्यांनी आम्हालाच बोलावलं. मी गेलो, नवीन टाकलेली लाईन साफ करून दिली. त्या कामाचे पैसे त्याच दिवशी मिळाले. जुने 14,000 अजून यायचे आहेत.