दर्भाचा कावळा

फेब्रुवारी २०२४ मध्ये, १९९४ च्या ‘द क्रो’ या इंग्रजी सिनेमाच्या नव्या आवृत्तीचे पहिले फोटो बाहेर आले आणि जुन्या चाहत्यांनी एकच कालवा केला. नायक बिल स्कार्सगार्ड. उघडं अंग, त्यावर जागा मिळेल तिथे गोंदण, बाजूनं भादरलेलं डोकं आणि भुवईच्या वर चक्क ‘ललबाय’ (अंगाई) असं गोंदलेलं. २०१६ च्या ‘सुइसाइड स्क्वॉड’मधल्या जोकरच्या कपाळावर असंच ‘डॅमेज्ड’ लिहिलं होतं, त्याचा राग अजून गेलेला नव्हता. सिनेमा थेटरात यायला सहा महिने होते, पण आम्ही त्याचं तेरावं तेव्हाच घालून मोकळे झालो.

बाहेरच्या माणसाला हा प्रकार पोरकट वाटतो, आणि बऱ्याचदा तो असतोही. नायकाच्या बुटांचा रंग बदलला तरी आमच्यातल्या काहींची झोप उडते. पण ‘द क्रो’चं प्रकरण निराळं आहे, आणि ते मराठी माणसाला समजावताना फार घाम गाळावा लागू नये. १९९४ च्या सिनेमात एरिक ड्रेव्हन नावाचा रॉक गिटारवादक आणि त्याची होणारी बायको शेली. लग्नाच्या आदल्या रात्री गुंड घरात घुसतात आणि दोघांचा जीव घेतात. वर्षभरानं एरिकच्या थडग्यावर कावळा येऊन चोच मारतो आणि एरिक उठतो. का उठतो, ते सिनेमाच्या सुरुवातीलाच एक लहान मुलगी सांगते. कावळा मेलेल्याचा आत्मा पैलतीरी पोचवतो, पण एखाद्याचं दुःख इतकं जड असतं की आत्म्याला तिथे चैन पडत नाही. मग कावळाच त्याला परत घेऊन येतो.

अमेरिकेतल्या प्रेक्षकाला हे गूढ वगैरे वाटलं असेल. दहाव्याला घाटावर उन्हात ताटकळलेल्या माणसाला त्यात नवल नाही. पिंड मांडलेला आहे, कावळे समोरच्या झाडावर बसलेत आणि एकही खाली येत नाही. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं, “अण्णा, धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू.” कावळा ढिम्म. “वहिनींना अंतर देणार नाही.” तरी ढिम्म. मग उधारीपासून शेताच्या बांधापर्यंत सगळी आश्वासनं देऊन होतात. अखेर गुरुजी घड्याळाकडे बघतात, दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला लावतात. शास्त्राला चालतं. जमलेल्यांना मात्र ठाऊक असतं की कावळा शिवलेला नाही.

२०२४ चा ‘द क्रो’ हा असा दर्भाचा कावळा आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

मूळ कॉमिक जेम्स ओ’बारचं. त्याची होणारी बायको १९७८ मध्ये दारू पिऊन गाडी हाकणाऱ्या कुणाच्या तरी धडकेत गेली. ओ’बार मरीन्स या अमेरिकी लष्करी दलात भरती झाला, जर्मनीत नेमणूक झाली आणि तिथे १९८१ मध्ये त्यानं ही चित्रं काढायला घेतली. डेट्रॉइटमध्ये वीस डॉलरच्या अंगठीपायी एका तरुण जोडप्याचा खून झाल्याची बातमी त्याच्या वाचनात आली होती, तीही गोष्टीत मिसळली. १९८९ मध्ये कॅलिबर प्रेस या लहानशा प्रकाशनानं ते छापलं. काळंपांढरं, कडवट, मधूनच कवितांच्या ओळी पेरलेलं. काढून झाल्यावर मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही, असं तोच पुढे सांगत आला.

मग सिनेमा आला. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास, एरिकच्या भूमिकेत ब्रँडन ली, म्हणजे ब्रूस लीचा मुलगा. ३१ मार्च १९९३ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनच्या स्टुडिओत एरिकच्या मरणाचं दृश्य चालू होतं. त्या पिस्तुलात आधी, जवळून चित्रण करण्यासाठी, खोटी काडतुसं घातलेली होती. खऱ्या काडतुसांतली दारू काढून ती तिथेच तयार केली होती, पण एकाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी शाबूत राहिली. ती फुटली आणि गोळीचं टोक नळीत अडकून बसलं. कुणी नळी तपासली नाही. नंतर आवाजासाठी बिनगोळीचं काडतूस उडवलं, तेव्हा त्याच्या जोरानं ते टोक बाहेर पडलं आणि ब्रँडनच्या पोटात घुसलं. वय अठ्ठावीस. १७ एप्रिलला त्याचं लग्न ठरलेलं होतं.

सिनेमा पुरा करायचा की गुंडाळायचा, यावर खल झाला. ब्रँडनची आई आणि त्याची वाग्दत्त वधू इलायझा यांनी पुरा करा म्हणून सांगितलं. उरलेल्या दृश्यांत चॅड स्टाहेल्स्की नावाचा स्टंटमन उभा राहिला आणि त्याच्या धडावर संगणकानं ब्रँडनचा चेहरा बसवला. त्या काळात ही करामत सोपी नव्हती. मे १९९४ मध्ये सिनेमा लागला, ब्रँडन आणि इलायझा यांना अर्पण करून. अमेरिकेत त्यानं पाच कोटी डॉलर मिळवले.

आता आमच्या लबाडीबद्दलही बोलायला हवं. तो सिनेमा निर्दोष नाही. खलनायक गरजेपेक्षा जास्त आरडाओरडा करतात, काही संवाद ऐकताना आज कानकोंडं होतं. आम्ही ते बोलून दाखवत नाही, कारण गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये ही शिकवण सिनेमालाही लागू केली आहे. ब्रँडन जगला असता तर ‘द क्रो’ हा पावसात भिजलेला, झकास गाण्यांचा, बऱ्यापैकी सूडपट म्हणून लक्षात राहिला असता आणि ब्रँडननं पुढे याहून चांगली कामं केली असती. पंथ उभा राहिला तो त्या मरणाभोवती. पडद्यावर मेलेला माणूस परत येतो आणि तो साकारणारा माणूस परत येत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर दिसतात. हे पटकथेत लिहिता येत नाही.

नुसती नक्कल चालत नाही असंही नाही. स्टिंग या पहिलवानानं १९९६ मध्ये तसाच पांढरा रंग तोंडाला फासला, काळा कोट चढवला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण तो स्वतःला एरिक म्हणवत नव्हता. १९९६, २००० आणि २००५ चे पुढचे भागही, कितीही भिकार असले तरी, नायक दुसरे घेऊन आले. एरिकला हात घातला तो १९९८ च्या टीव्ही मालिकेनं. ती एका हंगामात आटोपली.

२००८ पासून मात्र नवा एरिक आणायचं घाटत होतं. दिग्दर्शक म्हणून स्टीफन नॉरिंग्टन आला आणि गेला. मग एकेक दिग्दर्शक, एकेक नट. ब्रॅडली कूपर, ल्यूक इव्हान्स, जॅक ह्यूस्टन अशी नावं हवेत राहिली. जेसन मोमोआचं पक्कं म्हणेम्हणेतो २०१८ मध्ये तोही बाहेर पडला. प्रोयास जाहीरपणे सांगत होता की हा सिनेमा ब्रँडनची आठवण आहे, तो तसाच राहू द्या. पण हक्क विकत घेतलेले, पैसा अडकलेला. अखेर रूपर्ट सँडर्सनं प्रागमध्ये चित्रण केलं आणि २३ ऑगस्ट २०२४ ला तो एकदाचा लागला. खर्च सुमारे पाच कोटी डॉलर, वसुली जगभरात मिळून त्याच्या निम्मीही नाही.

बघितल्याशिवाय शिव्या देऊ नयेत म्हणून मी बघितला. एरिक आणि शेली व्यसनमुक्ती केंद्रात भेटतात, प्रेमात पडतात, पळून जातात, आणि यात इतका वेळ जातो की कावळा विसरायला होतो. आपल्याला त्यांच्यासाठी वाईट वाटावं म्हणून केलेली ही सगळी तजवीज. १९९४ मध्ये शेली जेमतेम क्षणभर-क्षणभर दिसायची आणि तेवढ्यानं भागायचं. इथे खलनायकाचाही सैतानाशी करारमदार आहे आणि तो नीट समजावून सांगितला जातो. ऑपेरा थिएटरमधली कत्तल मात्र फर्मास जमली आहे. तेवढं कबूल न करणं हा आकस ठरेल.

खरा वारसा कधीच दुसरीकडे गेला आहे. धडावर ब्रँडनचा चेहरा लावून उभा राहिलेला तो स्टाहेल्स्की पुढे दिग्दर्शक झाला. २०१४ मध्ये त्यानं डेव्हिड लीचबरोबर ‘जॉन विक’ काढला. काळ्या कपड्यांतला एक माणूस, जिवापाड प्रेम केलेली बायको गेलेली, बाहेर पाऊस, आणि जे गाडून टाकलं होतं ते पुन्हा उकरून तो सूडाला निघतो. चाहत्यांपैकी कुणीही त्यावर संशय घेतला नाही, कारण त्याला कुणी रीबूट, म्हणजे जुन्याची नवी आवृत्ती, म्हटलं नव्हतं. कावळ्याच्या जागी त्यात कुत्र्याचं पिल्लू आहे, आणि आमची त्याला काही हरकत नाही.