आधी घर, बाकीचं नंतर

"फिनलंडमध्ये बेघर माणूसच नाही म्हणे?" सुट्टीत पुण्याला गेलं की हा प्रश्न ठरलेला. आहेत की! १९८७ मध्ये एकटी राहणारी बेघर माणसं सतरा हजारांच्या आसपास होती, २०२४ च्या नोंदीत ३,८०६.

इथेही पूर्वी रात्रनिवारेच असायचे. रात्रीपुरती खाट, सकाळी बाहेर. आधी दारू सोडा, उपचार घ्या, नीट वागून दाखवा, मग घराचं बघू. २००८ मध्ये सरकारने हा क्रमच उलटा केला. आधी घर द्यायचं: स्वतःच्या नावाचा भाडेकरार, स्वतःची किल्ली, आतून कडी लावता येईल असं दार. दारू सुटलीच पाहिजे अशी अट नाही. समाजसेवक मदतीला असतात. भाडं मात्र भरावंच लागतं, कमाई नसेल तर सरकारी भत्त्यातून. ही फुकट घरं नव्हेत, हे आमच्या नातेवाइकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं.

घरं आणली कुठून? हेलसिंकीत आल्पिकातू रस्त्यावर साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा मोठा निवारा होता, तिथेच स्वतंत्र फ्लॅट काढले. शहरातल्या निवाऱ्यांत २००८ साली ५५८ खाटा होत्या, २०१६ मध्ये उरल्या ५२. दुसरीकडे वाय-फाउंडेशन ही १९८५ पासूनची संस्था साध्या सोसायट्यांतले सुटे फ्लॅट विकत घेत राहिली, म्हणजे 'ती बेघरांची बिल्डिंग' असा शिक्का बसायला नको. त्यासाठी अनुदान मिळालं ते स्लॉट मशीनच्या कमाईतून. जुगारात लोक घरदार घालवतात हे ऐकून होतो. इथे जुगाराच्या पैशातून घरं झाली!

नवी इमारत उभी करायची म्हटलं की शेजारी नाक मुरडतात, तेही आपल्यासारखंच. एस्पो शहरात २०१४ मध्ये वायनोला नावाची अशी इमारत सुरू झाली. तिथले रहिवासी आजूबाजूच्या रस्त्यांवरचा कचरा उचलतात. शेजाऱ्यांशी ओळख वाढवायचा याहून साधा मार्ग मला तरी सुचत नाही.

आता गाडी थोडी अडली आहे. २०२४ मध्ये सरकारने घरभाडे भत्त्याला कात्री लावली आणि त्याच वर्षी, दहाएक वर्षांनी प्रथमच, बेघरांचा आकडा वाढला. २०२७ पर्यंत दीर्घकालीन बेघरपणा संपवण्याचं उद्दिष्ट ठरवणारं सरकारही हेच.