तुम्ही विचारलंत म्हणून: तेव्हा असंच गायचे, हे कशावरून?

ग्रेगोरियन चान्ट, म्हणजे कॅथलिक चर्चमधलं जुनं लॅटिन प्रार्थनागायन, कुणाला ऐकवलं की दोन मिनिटं तो माणूस गप्प बसतो आणि मग हमखास विचारतो, "हजार वर्षांपूर्वी असंच गायचे हे कशावरून? रेकॉर्डिंग तर नव्हतं." परवा तुम्हीही हेच विचारलंत, तेव्हा फोनवर घाईत काहीतरी बोलले, आता नीट सांगते.

आधी ते कबुतर. ज्याच्या नावाने हे गाणं ओळखलं जातं त्या पोप ग्रेगरीच्या खांद्यावर बसून ते कानात चाली सांगतंय अशी जुनी चित्रं आहेत. पण ग्रेगरी ६०४ साली गेला, आणि आज आपण ऐकतो ते गाणं बहुतेक अभ्यासकांच्या मते आठव्या-नवव्या शतकात घडलं, पेपिन आणि शार्लमेन या फ्रँक राजांच्या राज्यात (आजचा फ्रान्स-जर्मनीचा भाग), म्हणजे रोमहून आलेलं गाणं तिथल्या गवयांनी शिकताना त्याला तिथलं वळण लागलं.

आणि हे सगळं तोंडपाठ, वर्षभराच्या सगळ्या सणावारांचं! स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिडोर सातव्या शतकात लिहून गेलाय की सूर माणसाच्या आठवणीत राहिले नाहीत तर नष्ट होतात, कारण ते लिहिता येत नाहीत.

नवव्या शतकात शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा यायला लागल्या, त्यांना न्यूम म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन मठाच्या लायब्ररीत ३५९ नंबरचं हस्तलिखित आहे, साधारण ९२२ ते ९२५ मधलं, ते स्कॅन करून ऑनलाइन ठेवलंय आणि मी कित्येक रात्री ते झूम करून बघत बसलेय. खूण सांगते की सूर वर गेला, खाली आला, पण किती ते सांगत नाही. मधेच मात्र एक बारकं 'सी' असतं, म्हणजे पटकन घे, कुठे 'टी', म्हणजे धरून ठेव. आपण क्लासच्या वहीत बंदिशीचे शब्द लिहून वर 'इथे मींड' असं खरडतो ना, अगदी तसं, चाल गळ्यात आहेच, निसटेल तेवढंच कागदावर.

मग सूर कळले कसे? तर १०२५ च्या आसपास इटलीतल्या ग्वीदो दारेत्सोने रेघा आखल्या, लाल रेघ फा ची, पिवळी डो ची (ही आपल्या सारेगमसारखी तिकडच्या सुरांची नावं), आणि न ऐकलेलं गाणंही मुलं वाचून गायला लागली. पुढे याच चाली रेघांवर उतरवल्या गेल्या, त्या जुन्या न्यूमशेजारी ठेवून बघितल्या की चढउतार बहुतेक जुळतो. शिवाय १८४७ मध्ये फ्रान्समधल्या मॉन्पेलिएच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत (हो, मेडिकलच्या!) अकराव्या शतकातलं एक पुस्तक सापडलं, त्यात न्यूमही आहेत आणि प्रत्येक सुराचं अक्षरही.

स्पेनचं नशीब मात्र तसं नव्हतं. तिथली स्वतःची उपासना १०८० मध्ये बंद करून रोमची आणली, आणि रेघा तिथे पोचायच्या आत गाणारेच संपले. लिओनच्या कॅथेड्रलमध्ये त्या गाण्याचं सुंदर पुस्तक आहे, पानापानावर न्यूम, आणि त्यातली फार थोडी गाणी आज गाता येतात. ती पानं बघताना मला दरवेळी भरून येतं.

ग्रेगोरियनचंही पुढे नुकसान झालंच, सतराव्या शतकातल्या छापील पुस्तकात चाली कापून छोट्या केल्या होत्या. ते निस्तरलं फ्रान्सच्या सोलेम मठातल्या साधूंनी. १८८९ पासून ते हस्तलिखितांचे फोटो छापायला लागले, 'युस्तुस उत पाल्मा' (सज्जन माणूस खजुराच्या झाडासारखा बहरेल) या एकाच गाण्याची दोनशेहून जास्त हस्तलिखितांतली पानं त्यांनी शेजारीशेजारी छापली, कुणी म्हणू नये की हे मनचं आहे.

म्हणून माझं उत्तर असं की सुरांबद्दल बऱ्यापैकी खात्री आहे, लयीवर अजून वाद आहेत आणि आवाज कसा लावायचे ते कुठल्याच कागदावर नाही. लयीबाबत मी सोलेमच्याच कार्दिन या साधूच्या बाजूची, तो म्हणायचा की सगळे सूर एका मापाचे नाहीत, न्यूमचा आकारच लय सांगतो. त्याच्या विद्यार्थ्यांच्या कामातून १९७९ मध्ये एक पुस्तक आलं, मधे चौकोनी नोटेशन (रेघांवर चौकोनी खुणांनी लिहिलेले सूर), वर काळ्या शाईत फ्रान्समधल्या लां गावचे न्यूम, खाली लाल शाईत सेंट गालेनचे. मी त्यावरूनच गाते. घरी आलात की दाखवते, लाल 'टी' आला की आपण दोघी थांबू.