एकाच स्वॅबमधून जिवाणू आणि मिथायलेशन वाचताना

योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस ही लॅक्टिक ॲसिड बनवणाऱ्या जिवाणूंची जात भरपूर असली की पीएच साधारण ३.५ ते ४.५ राहतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण लॅक्टिक ॲसिडचं काम तिथे थांबत नाही. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो; त्यांवरचे ॲसिटिल गट काढणाऱ्या, पेशीतल्या हिस्टोन डीॲसिटिलेज एन्झाइमांना ते आवर घालतं. त्यामुळे हिस्टोनवरचे ॲसिटिल गट टिकतात, डीएनएची गुंडाळी सैल राहते आणि कोणती जनुकं चालू, कोणती बंद, हे बदलतं. २०१९ मध्ये पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं की क्रिस्पॅटसच्या डी-लॅक्टिक ॲसिडने (डी आणि एल हे या ॲसिडचे आरशातल्या प्रतिमांसारखे दोन प्रकार) पेशीविभाजन मंदावतं आणि क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जिवाणूचा संसर्ग रोखला जातो. एल प्रकाराने ते होत नाही. लॅक्टोबॅसिलस आयनर्स ही दुसरी जात फक्त एल बनवते आणि आपल्या पेशीही मुख्यतः एलच बनवतात. म्हणून स्वॅबमध्ये (योनीतून नमुना टिपणाऱ्या बोळ्यात) सापडलेलं डी हा जिवाणूंचाच माग समजावा. पुण्यात या विषयावर प्रकल्प करणाऱ्यांनी डी आणि एल वेगवेगळे मोजावेत, असा माझा आग्रह आहे. नुसत्या पीएचवर विसंबू नये.

स्वॅबमधला बहुतेक डीएनए माणसाचाच असतो, तेव्हा जिवाणू ओळखणं आणि मानवी डीएनएचं मिथायलेशन (जनुकं चालू-बंद होण्याशी जोडलेल्या, डीएनएवरच्या मिथिल खुणा) वाचणं, ही दोन्ही कामं एकातच उरकावीत असा मोह होतो. तो टाळा. लॅक्टोबॅसिलसची भिंत जाड असते, ती फोडायला मण्यांसोबत जोरात घुसळावं लागतं. त्यात मानवी डीएनएचे तुकडे होतात आणि पुढे मिथायलेशन वाचण्यासाठी वापरायच्या बायसल्फाइट या रसायनाने आणखी. दोन स्वॅब घ्या, शिवाय काचपट्टीवर एक लेप. मंगळवार पेठेतल्या ओपीडीतून पाषाणच्या प्रयोगशाळेपर्यंत, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात, नमुने बर्फावरच न्या आणि पोचताच उणे ८० अंशांत ठेवा. जिवाणू ओळखायला त्यांचं १६एस जनुक वाचताना जुना २७एफ प्रायमर (त्या जनुकाच्या प्रती काढायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरला तर गार्डनरेला हा समतोल बिघडल्यावर वाढणारा जिवाणू कमी दिसतो आणि बिघडलेला नमुना निरोगी वाटू शकतो.

सगळ्यात मोठी फसगत मिथायलेशनच्या आकड्यांत होते. दाह असला की स्वॅबमध्ये न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढतात, आणि त्यांचं मिथायलेशन योनीच्या अस्तरातल्या आवरणपेशींपेक्षा मुळातच वेगळं असतं. मग दोन गटांत दिसणारा फरक ‘जिवाणूंनी जनुकं बदलली’ म्हणून छापला जातो. प्रत्यक्षात फक्त पेशींची भेसळ बदललेली असते. त्यासाठी त्याच लेपावर न्यूजेंट गुणांबरोबर (सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंचे प्रकार पाहून दिलेले गुण; ७ ते १० म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडणं) न्यूट्रोफिलही मोजा आणि एपिडिशसारख्या संगणकीय पद्धतीने मिथायलेशनवरून पेशींचं प्रमाण काढून ते विश्लेषणात धरा. एवढं केल्यावरही फरक उरला, तरच पुढे बोलावं.

पाळीचा दिवस नोंदवायला विसरू नका. इस्ट्रोजेन वाढलं की आवरणपेशींत ग्लायकोजेन साठतं आणि लॅक्टोबॅसिलसला खाद्य मिळतं. तेच इस्ट्रोजेन पेशींवरही थेट परिणाम करतं. म्हणजे जिवाणू आणि पेशी, दोन्हींतला बदल एकाच संप्रेरकामुळे असू शकतो. रक्तस्राव चालू असताना नमुना घेऊच नये: रक्ताने पीएच चढतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा तीच भेसळ करतात.