आधी पाणी, मग दारं, रंग सगळ्यात शेवटी

आज लिहायला उशीर झाला कारण भिंत घासून घासून खांदे भरून आलेत, नखांत लांबी (भिंतीतले खड्डे भरायची पुट्टी) अडकलीये ती काही केल्या निघत नाही, पण मन एकदम प्रसन्न आहे. घरातली कामं स्वतः करायला घेतल्यापासून प्रत्येक जण पहिलं एकच विचारतो, रंग कुठला देतेयस? आई तर रोज विचारते, "अगं शेड ठरली का?" आणि मी रोज तेच सांगते, आई, रंग शेवटी गं, आधी पाणी कुठून येतंय ते बघू दे.

मला हे आता अगदी मनापासून पटलंय की कमी पैशात घर नीट करायचं असेल तर स्वस्त सामान शोधण्यापेक्षा कामांचा क्रम नीट लावणं जास्त महत्त्वाचं आहे. ओल तशीच ठेवून वर कितीही भारी रंग मारला तरी पोपडे येणारच, आणि मग तो रंग, ती लांबी, ती सगळी मेहनत परत पहिल्यापासून. पैसे तिथे जातात खरे.

ओल कुठली आहे हे ओळखायची एक इतकी सोपी पद्धत आहे आणि ती फारशी कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. प्लास्टिकचा किंवा फॉइलचा चौकोनी तुकडा घ्यायचा, भिंत वरून पुसून कोरडी करायची आणि तुकड्याच्या चारही कडा टेपने हवाबंद चिकटवून एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. खोलीच्या बाजूने थेंब जमले तर ते हवेतलं बाष्प आहे, म्हणजे खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, कपाट भिंतीला घट्ट चिकटलेलं असेल तर थोडं पुढे ओढा, इतक्यावर बरंचसं भागतं. पण तुकड्याच्या मागच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतूनच येतेय आणि ती येण्याची जागा शोधल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या बेडरूमच्या भिंतीला मागूनच ओल होती. पलीकडे बाथरूम, तिथे फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या फटीत भरलेलं सिलिकॉन सुटलेलं आणि रोज अंघोळीचं पाणी हळूहळू आत मुरतंय.

मग ते काम घेतलं. सिलिकॉनच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, जुन्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही, त्यामुळे जुनं सगळं म्हणजे सगळं कटरने काढायचं, फट साफ करायची, पूर्ण कोरडी होऊ द्यायची, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावायची आणि मगच ट्यूब चालवायची. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एका दमात फिरवलं की रेघ सुंदर बसते, टेप लगेच ओढून काढायची, आणि नंतर निदान 24 तास तिथे पाणी नाही. हो, आणि सिलिकॉनवर रंग बसत नाही, जिथे वरून रंग द्यायचाय अशा फटीला अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्यायचं.

त्यानंतर भिंत वाळू द्यायला वेळ लागला, भरपूर लागला. हा वेळ घाईत कापायचा नाही. वाळताना भिंतीवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटतो, तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही कारण क्षार पाण्यात विरघळून परत आत शिरतात. लोणा यायचा थांबला की समजायचं आता लांबी भरायला हरकत नाही.

भिंत वाळत होती तोवर मी दारांकडे वळले आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त समाधान मला या कामाने दिलं. दार खाली घासतंय म्हटल्यावर लोक लगेच रंधा मारायला निघतात. थांबा हो! आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. बहुतेक वेळा ते ढिले झालेले असतात, दार स्वतःच्या वजनाने झुकतं आणि खालचा कोपरा फरशीला लागतो. स्क्रू नुसताच गोल फिरत असेल तर भोक मोठं झालंय, त्यात लाकडाचा गोंद लावून दोन-तीन काड्या ठोकायच्या, वाळल्यावर जास्तीचं कापून टाकायचं आणि स्क्रू परत बसवायचा, घट्ट धरतो. किंवा वरच्या बिजागरीतला एक स्क्रू लांब घ्यायचा, चौकटीत खोलवर जाईल असा. आणि दमट हवेत तर रंधा मारायचाच नाही, लाकूड तेव्हा फुगलेलं असतं, कोरड्या दिवसांत ते आक्रसलं की दाराला ही मोठी फट. लाकडी ड्रॉवर अडकत असेल तर त्याच्या पट्टीवर मेणबत्ती घासायची, झालं. नळाचा वॉशर पण त्याच दुपारी बदलला, मेन वॉल्व्ह बंद, बेसिनच्या जाळीवर फडकं (नाहीतर बारका स्क्रू गेलाच खाली), आणि दुकानात जाताना जुना वॉशर बरोबर न्यायचा म्हणजे मापाचा घोळ होत नाही.

आता रंगाचं. कागद-पेन घेऊन आधी हिशोब मांडला. गुळगुळीत भिंतीवर साधारण 1 लिटर रंगात एका हाताला, म्हणजे एका थराला, 10 ते 12 चौरस मीटर होतात. समजा खोली 4 बाय 3 मीटर आणि उंची 2.7, तर चार भिंतींचे मिळून 37.8 चौरस मीटर, दार-खिडकीचे चारेक वजा केले की 34 च्या आसपास, दोन हात म्हणजे 68, म्हणजे सहा ते सात लिटर. एवढं गणित केलं की उगाच जास्तीचा डबा घरात पडून राहत नाही. डबे एकाहून जास्त असले तर सगळे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायचे, शेडमधला बारीकसा फरकही भिंतीवर लगेच डोळ्यात भरतो.

आजचा अख्खा दिवस घासण्यात गेला. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे काढले, लांबी भरलेल्या जागा 220 ने सपाट केल्या, हात फिरवून बघितलं कारण डोळ्याला जे दिसत नाही ते तळव्याला कळतं. टॉर्च भिंतीला समांतर धरली की खड्डे अजूनच स्पष्ट दिसतात. पण घर खूप जुनं असेल तर सांभाळून, जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं, शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि लहान मुलांना त्याचा धोका फार, त्यामुळे असा रंग कोरडा घासायचा नाही, आधी तपासून घ्यायचा. मास्क तर कुठल्याही भिंतीला हवाच. मास्क, चांगला ब्रश आणि चांगली टेप यांत मी काटकसर करत नाही. ड्रिल मशीन मात्र विकत कशाला घ्यायचं, वर्षातून चार भोकं पाडायला? मैत्रिणीकडून आणलं. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. शेल्फची रेघ सरळ आहे का बघायला पाणसळ नसेल तर दोऱ्याला वजन बांधून ओळंबा करायचा आणि त्याला काटकोन धरायचा.

वायरिंग, गॅसची लाईन आणि भिंत फोडणं ही तीन कामं मी स्वतः करणार नाही, कितीही पैसे वाचणार असले तरी. इलेक्ट्रिशियनला एकदाच बोलवायचं, पण त्याआधी सगळ्या खोल्यांतली कामं एका यादीत लिहून ठेवायची म्हणजे एका फेरीत सगळं होतं.

उद्या ओल्या फडक्याने धूळ पुसायची, मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर. तो नीट वाळला की पहिला हात, कडा ब्रशने आणि लगेच शेजारी रोलर, कडा ओली असतानाच, म्हणजे जोड दिसत नाही. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत तिरकी ओढायची. वेळ उरला तर बाथरूमच्या फरशीतल्या फटी साफ करायच्यात, ब्लीचने, खिडकी उघडी ठेवून, आणि अ‍ॅसिडची बाटली आधीच बाहेर ठेवून दिलीये कारण ती दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू होतो. आईला शेडकार्ड दिलंय, तिने दोन शेडवर खूण केलीये, त्यातली फिकट घेणार, त्या खोलीत उजेड कमी येतो.