‘सॉरी’ या शब्दातले दुखणे

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, आई गेल्याचा फोन पुण्याहून आला, तेव्हा टोरोंटोत पहाट व्हायची होती. विमानाचे तिकीट रात्रीचे मिळाले. मी सामान भरत असताना शेजारच्या बाई बर्फातून वाट काढत, फडक्यात गुंडाळलेले गरम सुपाचे पातेले घेऊन दारात आल्या. बुटांना चिकटलेला बर्फ झटकायचेही भान त्यांना नव्हते. माझा हात हातात घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, ‘आय ॲम सो सॉरी.’ माझ्या तोंडून निघून गेले, ‘यात तुमची काय चूक?’ त्या क्षणभर गोंधळल्या आणि काही न बोलता त्यांनी माझा हात अधिक घट्ट धरला.

चूक झाली की ‘सॉरी’ म्हणायचे, हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते, त्यामुळे त्या शब्दाला अपराधाचा वास कायमचा चिकटतो. मुळात मात्र त्यात अपराध नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे वेदना, जखम. त्यावरून ‘सारिग’, म्हणजे दुःखाने भरलेला, आणि त्याचाच आजचा ‘सॉरी’. घसा दुखतो तेव्हा इंग्रजीत जो ‘सोअर’ शब्द वापरतात तो याचा सख्खा भाऊ. ‘सॉरो’ म्हणजे शोक, हा मात्र नात्यातला वाटला तरी वेगळ्या मुळाचा आहे. दोघांचे अर्थ आणि उच्चार शतकानुशतके शेजारी राहून एकमेकांसारखे झाले. जर्मनमधला ‘झेअर’ हा शब्दही याच घराण्यातला. त्याचा जुना अर्थ ‘वेदनेने’ असा होता; आज तो नुसता ‘फार’ या अर्थाने उरला आहे.

हे समजल्यावर इथले रोजचे बोलणे मला निराळे ऐकू येऊ लागले. स्ट्रीटकारमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, माझा जड बूट कुणाच्या पायावर पडला, तर तोच मनुष्य आधी ‘सोरी’ म्हणतो (इथला उच्चार असाच, ‘सो’वर जोर देऊन). तो चूक कबूल करत नसतो. घडले ते त्याला बरे वाटलेले नाही, एवढेच तो सांगतो. ऑन्टॅरिओ प्रांताने तर २००९ मध्ये यासाठी कायदाच केला: ‘सॉरी’ म्हटले म्हणून दिवाणी दाव्यात ती दोषाची कबुली धरली जात नाही. डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांशी माणसासारखे बोलता यावे, यासाठी असा कायदा मला आवश्यक वाटतो.

पण याच शब्दाने दोषही पत्करता येतो. ११ जून २००८ रोजी कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी, मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवले गेले त्यांबद्दल संसदेत माफी मागितली, तेव्हा ‘वुई आर सॉरी’ हे वाक्य फ्रेंचमध्ये आणि तीन मूलनिवासी भाषांतही उच्चारले गेले. तिथे नुसती हळहळ पुरेशी नव्हती, सरकारने जबाबदारी घेणे आवश्यक होते.

आपल्याकडच्या ‘दिलगीर’ शब्दाची वाटचाल नेमकी अशीच आहे. फारसीत ‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे पकडलेले. ज्याचे काळीज दुःखाने धरले गेले आहे तो दिलगीर. पेशवेकालीन पत्रांत माणसे दिलगीर होतात ती खिन्न होतात, माफी मागत नाहीत. आईच्या वर्षश्राद्धासाठी गेले असताना दादरच्या फलाटावर गाडीला उशीर झाल्याची घोषणा झाली आणि ध्वनिमुद्रित आवाजात ‘गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असे ऐकू आले. आजूबाजूला कुणी मान वर करून पाहिलेही नाही. मला मात्र दारात उभ्या असलेल्या शेजारच्या बाई आणि त्यांच्या हातातले ते पातेले आठवले. त्या दिवशी त्या खरोखरच दिलगीर होत्या.