तुम्ही विचारलंत म्हणून : त्या प्रीमियरला खरोखरच टाळ्या पडल्या होत्या का?

जगातला सर्वांत वाईट म्हणून गाजलेला चित्रपट कसा तयार झाला, हे सांगणारे दोन चित्रपट मी ओळखीच्या मंडळींना आग्रहाने दाखवत असतो. एक टिम बर्टनचा ‘एड वुड’ (१९९४) आणि दुसरा जेम्स फ्रँकोचा ‘द डिझास्टर आर्टिस्ट’ (२०१७). दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी येऊन संपतात : चित्रपटगृह खचाखच भरलेले आहे, पडद्यावर तो भयंकर चित्रपट झळकतो आहे आणि तो करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कृतार्थता आहे. मग दिवे लागतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, की हे खरोखर असेच घडले होते का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सांगतो. दोन्ही वेळा असे घडले नव्हते. परंतु नुसते ‘नाही’ म्हणून माझे समाधान होत नाही, कारण या दोन खोट्या शेवटांपैकी एक मला मनापासून पटतो आणि दुसरा प्रत्येक वेळी खटकतो.

आधी खरे काय घडले ते पाहू. एडवर्ड वुड हा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलात लढून आलेला, हॉलिवूडच्या दारात पडेल ते काम करणारा, खिशात दमडी नसलेला दिग्दर्शक. ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ या त्याच्या चित्रपटाला पैसे दिले ते बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या माणसांनी. भयपटाच्या नफ्यातून धार्मिक चित्रपट काढता येतील असे गाजर त्यांना दाखवण्यात आले होते, आणि त्या बदल्यात चमूतल्या काही जणांना बाप्तिस्मा घ्यावा लागला. ‘ग्रेव्ह रॉबर्स फ्रॉम आउटर स्पेस’ हे मूळ नावही या मंडळींना रुचले नाही, म्हणून बदलले गेले. चित्रपटाचा मुख्य तारा बेला लुगोसी, म्हणजे १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चा नायक, ऑगस्ट १९५६ मध्येच वारला होता. वुडजवळ त्याची काही मिनिटांची मूक दृश्ये शिल्लक होती, तीही या कथेसाठी घेतलेली नव्हती. उरलेल्या भागात वुडने आपल्या पत्नीच्या कायरोप्रॅक्टरला (पाठीच्या मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्याला) उभे केले. तो लुगोसीपेक्षा चांगलाच उंच होता आणि चेहऱ्यात साम्य नव्हते, म्हणून तो सबंध चित्रपटभर नाकावर झगा ओढून वावरतो. पडद्यावरच्या थडग्यांच्या शिळा धक्का लागला की डुलतात, आणि एकाच पाठलागात घटकेत दिवस असतो तर घटकेत रात्र.

या चित्रपटाचा एक प्रारंभिक खेळ १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहात झाला, पण तो नीट प्रदर्शित व्हायला पुढे दोनएक वर्षे लागली आणि नंतर तो रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर लागणाऱ्या भरताडांत जमा झाला. वुड हळूहळू दारूच्या आहारी गेला आणि पोटासाठी सवंग कादंबऱ्या व त्याहून सवंग चित्रपट लिहीत राहिला. डिसेंबर १९७८ मध्ये त्याला राहत्या घरातून बाहेर काढण्यात आले आणि काही दिवसांतच तो एका मित्राच्या घरी वारला. त्या वेळी तो ५४ वर्षांचा होता. वाईट चित्रपटांवर पुस्तके लिहिणाऱ्या मेडवेड बंधूंनी वाचकांची मते घेऊन ‘सर्वकाळचा सर्वांत वाईट चित्रपट’ हा किताब ‘प्लॅन नाइन’ला बहाल केला तो १९८० मध्ये, म्हणजे ज्याचे नाव त्यामुळे जगभर झाले तो माणूस ते ऐकायला उरला नव्हता.

बर्टनच्या चित्रपटात यातले शेवटचे काहीच दिसत नाही. तिथे ‘प्लॅन नाइन’चा दिमाखदार प्रीमियर हॉलिवूडच्या पँटेजिस थिएटरमध्ये होतो. जॉनी डेपचा एड वुड अंधारात उभा राहून आपला चित्रपट पडद्यावर झळकताना पाहतो, याच चित्रपटासाठी लोक आपल्याला लक्षात ठेवतील असे पुटपुटतो आणि बाहेर धो धो पावसात, टप अडकून बसलेल्या उघड्या गाडीतून प्रेयसीला घेऊन लास वेगासला लग्न करायला निघतो. यातले एक वाक्य मात्र अक्षरशः खरे ठरले, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते आणि बोलणाऱ्याला नसते. त्यानंतर लगेच पडद्यावर निवेदन येते : दारू, सवंग चित्रपट, मृत्यू आणि मरणोत्तर मिळालेला ‘सर्वकाळचा सर्वांत वाईट दिग्दर्शक’ हा किताब. आपण नुकताच पाहिलेला आनंद या माणसाच्या वाट्याला कधी आला नव्हता, हे चित्रपट स्वतःच आपल्याला सांगून टाकतो. मला हा शेवट पटतो तो यासाठी. जे वुडला आयुष्यात मिळाले नाही ते बर्टन त्याला पडद्यावर देतो, आणि आपण ते पदरचे देत आहोत हे लपवत नाही.

शिवाय तोवर आपल्याला या दिग्दर्शकाच्या नजरेची सवय झालेली असते. ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’च्या चित्रीकरणाचा प्रसंग घ्या. टॉर जॉन्सन हा अवाढव्य पहिलवान दारातून जाताना चौकटीला धडकतो आणि सगळी भिंत हलते. छायाचित्रकार विचारतो की पुन्हा घ्यायचे का, त्यावर वुड क्षणाचाही विलंब न लावता म्हणतो की कशाला, या पात्राला रोजच या अडचणीला तोंड द्यावे लागत असेल. हे वाक्य ऐकून आपण हसतो, परंतु त्यात लबाडी शोधूनही सापडत नाही. त्याच चित्रपटासाठी रात्री गार पाण्यात रबरी ऑक्टोपसशी झुंज घ्यायची असते. ऑक्टोपस एका स्टुडिओतून उचलून आणलेला असतो, पण तो हलवणारी मोटर आणायची राहून गेलेली असते. सत्तरीच्या घरातला, मॉर्फिनने पोखरलेला लुगोसी दारूचा एक घोट घेतो, आपण एके काळी फ्रँकेन्स्टाइनची भूमिका कमीपणाची म्हणून नाकारली होती हे जाता जाता सांगतो, आणि मग त्या निर्जीव सोंडा स्वतःच्याच हातांनी अंगाभोवती गुंडाळून, फडफडवून किंकाळ्या फोडू लागतो. लुगोसीच्या भूमिकेसाठी मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळाले. मला विचाराल तर ते या एका दृश्यावरच द्यायला हवे होते.

अर्थात बर्टन जिथे तिथे वस्तुस्थितीला धरून आहे असे मुळीच नाही. मद्यालयात वुडला ‘सिटिझन केन’चा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स भेटतो आणि आपल्या स्वप्नासाठी भांडायला शिकवतो, ती भेट साफ काल्पनिक आहे. तिथे वेल्स तक्रार करतो की स्टुडिओने मेक्सिकन माणसाच्या भूमिकेसाठी चार्ल्टन हेस्टन हा अमेरिकी नट गळ्यात मारला. प्रत्यक्षात त्या चित्रपटाचे (‘टच ऑफ इव्हिल’चे) दिग्दर्शन वेल्सकडे यावे म्हणून हेस्टननेच शब्द टाकला होता. जाणकार या ठिकाणी नाके मुरडतात, ती मुरडोत बापडी. जगातला सर्वांत नावाजलेला आणि सर्वांत हिणवलेला असे दोन दिग्दर्शक शेजारी बसून निर्मात्यांच्या नावाने बोटे मोडत आहेत, या कल्पनेपुढे हेस्टनचा बळी मला क्षुल्लक वाटतो. (जाता जाता हेही सांगायला हवे, की सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून काढलेला हा कृष्णधवल चित्रपट ६० लाखांच्या आतच आटोपला. अपयशावरचा चित्रपट स्वतः आपटावा, हे वुडला नक्की समजले असते.)

आता ‘द डिझास्टर आर्टिस्ट’ ज्याची गोष्ट सांगतो तो ‘द रूम’. टॉमी वायझो या गूढ गृहस्थाने लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि स्वतःच नायक होऊन साकारलेला हा चित्रपट जून २००३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लागला. वुडपेक्षा याची गोष्ट उलटी आहे, कारण पैशाला तोटा नव्हता. खर्चाचा आकडा ६० लाख डॉलर सांगितला जातो आणि पैसा आला कुठून हे वायझोने कधी नीट सांगितले नाही. भाड्याने मिळणारे कॅमेरे त्याने विकत घेतले, फिल्मवर आणि डिजिटलवर एकाच वेळी चित्रीकरण केले, आणि बाहेर खरी गल्ली असताना आत गल्लीचा सेट उभारला. पहिल्या दोन आठवड्यांची कमाई सुमारे १,८०० डॉलर होती. ऑस्करसाठी पात्र ठरावा म्हणून त्याने पदरचे पैसे भरून तो तेवढे दिवस चालवला. शेवटच्या दिवसांत काही तरुण लेखक-कलावंत योगायोगाने त्या रिकाम्या चित्रपटगृहात शिरले, हसून हसून बेजार झाले आणि त्यांनी मित्रांना फोन करून बोलावून घेतले. पुढच्या वर्षी मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले, आणि पडद्यावर चमच्याचे फ्रेम केलेले चित्र दिसले की प्रेक्षकांनी प्लास्टिकचे चमचे भिरकावायचे, अशा प्रथा रुजायला आणखी काळ गेला.

फ्रँकोने हा सगळा काळ एका संध्याकाळीत बसवला आहे. प्रीमियरला लोक आधी चुळबुळतात, मग खिदळतात, वायझो दुखावून बाहेर पडतो, मित्र ग्रेग त्याची समजूत काढतो की हिचकॉकला तरी असा प्रतिसाद कधी मिळाला असेल, आणि वायझो परत येऊन आपण विनोदी चित्रपटच काढला असल्याच्या थाटात टाळ्या स्वीकारतो. प्रत्यक्षात ‘ही मुळात काळी विनोदिकाच होती’ ही भूमिका वायझोने पुढे घेतली, पण पैसे देणारा प्रेक्षक तोवर त्याच भावनेने येऊ लागला होता. अपमान गिळून त्याचेच भांडवल करायला माणसाला जो वेळ लागतो, तोच या चित्रपटाने कापून टाकला आहे, आणि माझ्या मते खरी गोष्ट नेमकी तिथे होती.

काळ आखडल्याची तक्रार मी बर्टनबद्दल केली नाही आणि इथे करतो, याला कारण आहे. फ्रँकोने त्याआधी वायझोची दुसरी बाजू पुरेशी स्पष्ट दाखवली आहे. शृंगारदृश्याच्या वेळी तो नायिकेच्या कातडीवरून सगळ्या चमूसमोर तिचा पाणउतारा करतो. उकाड्यात साधी वातानुकूलनाची सोय नसल्याने एक वयस्क अभिनेत्री सेटवर भोवळ येऊन पडते. ही दृश्ये अंगावर येतात आणि ती ठेवल्याबद्दल फ्रँकोला श्रेय द्यायलाच हवे. पण मग शेवटच्या दहा मिनिटांत प्रेक्षागृहातले हसू येते आणि सगळा हिशेब चुकता होतो. वायझोला माफी मिळते आणि त्याला हसणाऱ्या आपल्यालाही मिळते. त्या नायिकेला कसे वाटले असेल, हे विचारायला कुणी थांबत नाही. बर्टनचा खोटा शेवट वुडच्या पदरात काही टाकतो, तर फ्रँकोचा आपल्याला मोकळे करतो.

वायझो साकारला आहे तो फ्रँकोनेच, आणि त्या अभिनयाबद्दल मात्र दुमत नसावे. वायझोचे ते कुठल्याच देशाचे नसलेले उच्चार, ते अर्धवट मिटलेले डोळे, गच्चीवरच्या एका साध्या वाक्यासाठी घेतलेले असंख्य टेक, हे सारे फ्रँकोने विलक्षण पकडले आहे. अखेरीस मूळ दृश्ये आणि नव्याने घेतलेली दृश्ये शेजारी शेजारी लावून दाखवली आहेत, ती पाहताना नक्कल कुठली हे क्षणभर कळत नाही.

या भूमिकेसाठी जानेवारी २०१८ मध्ये फ्रँकोला गोल्डन ग्लोब मिळाला. त्याने वायझोला व्यासपीठावर बोलावले. वायझो थेट ध्वनिक्षेपकाकडे निघाला, आणि फ्रँकोने हसत हसत हात आडवा घालून त्याला मागे सारले व स्वतः बोलू लागला. सभागृहात हशा पिकला. ती चित्रफीत सहज मिळते. ‘द डिझास्टर आर्टिस्ट’ पाहणार असाल, तर पडद्यावरचा प्रीमियर संपल्यावर ती लावा आणि शेवट कुठला खरा ते तुम्हीच ठरवा.